प्रोसेसरचा कूलर: मोठा घ्या, हळू फिरवा

कूलरचा आवाज मुख्यतः पंख्याच्या वेगामुळे येतो. वेग २० टक्क्यांनी उतरवला की आवाज साधारण ५ डेसिबलने कमी होतो आणि तेवढा फरक कानाला सहज कळतो. त्यामुळे जाहिरातीतल्या डेसिबलच्या आकड्यांची तुलना करत बसू नका. प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी असते. हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा कूलरचा धातूचा भाग, किती मोठा आहे ते बघा. तो मोठा असेल तर पंखा हळू फिरूनही काम भागते.

आधी प्रोसेसर खरोखर किती वॅट खेचतो ते काढा. खोक्यावरच्या टीडीपीवर (कंपनीने दिलेल्या उष्णतेच्या वॅटच्या आकड्यावर) जाऊ नका. एएमडीच्या रायझन ५ ७६०० वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण त्याची मर्यादा ८८ आहे. रायझन ९ ७९५०एक्सवर १७०, प्रत्यक्षात २३०. इंटेलसाठी ‘मॅक्सिमम टर्बो पॉवर’ बघा. आय५-१२४०० साठी ती ११७ वॅट आहे. साधारण १२० वॅटपर्यंत चार हीटपाइपांचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा) एक टॉवर, म्हणजे उभा हीटसिंक, आणि १२० मिमीचा पंखा पुरतो. त्यापुढे दोन टॉवर, सहा हीटपाइप: थर्मलराइट पिअरलेस असॅसिन १२० एसई, किंवा खर्चाची तयारी असेल तर नॉक्टुआ एनएच-डी१५. प्रोसेसर सतत २०० वॅटच्या वर जात असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पॉवर लिमिट खाली आणा. वेग थोडासाच कमी होतो, उष्णता मात्र बरीच उतरते.

मग कॅबिनेट मोजा. डी१५ ची उंची १६५ मिमी, पिअरलेस एसईची १५५. बहुतेकांची फसगत होते ती रॅमपाशी. डी१५ चे दोन्ही पंखे लावले तर खाली रॅमला ३२ मिमीच जागा उरते. आरजीबी (रंगीत दिव्यांची) रॅम त्याहून उंच असते, म्हणून पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि मग कॅबिनेटचे झाकण बसत नाही.

रिव्ह्यूमधले तापमान एसी खोलीतले असू शकते. २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाईल. एक पायरी मोठा कूलर घ्यायचा तो यासाठी.

बसवताना कूलरच्या तळाचे संरक्षक प्लास्टिक काढा. प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरे. स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर तळ तिरका बसतो. हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जायला हवी. जुना कूलर इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर लावायचा असेल तर वेगळे किट लागते, कारण भोकांमधले अंतर ७५ ऐवजी ७८ मिमी आहे.

शेवटी बायोसमध्ये फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ते) बदला: ६० अंशांपर्यंत ४० टक्के, ७५ ला ६५ टक्के, ८५ ला पूर्ण वेग. रायझनचे तापमान क्षणात १० अंश उडी मारते आणि पंखा सारखा चढउतार करत राहतो. तो आवाज सलग घरघरीपेक्षा जास्त त्रासदायक. ‘स्टेप अप टाइम’ (पंख्याचा वेग वाढण्याआधीचा उशीर) काही सेकंदांचा ठेवला की तो थांबतो.