खानदेशातून अभियांत्रिकी पदवीला अर्ज करताना : अकरावीपासून पर्यायक्रमापर्यंत

अभियांत्रिकी प्रवेशाची चर्चा जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बहुधा सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल हाती आल्यावर सुरू होते आणि मग पर्सेंटाइलभोवतीच फिरत राहते. प्रत्यक्षात चांगले गुण असूनही हवी ती जागा हुकते, ती पुष्कळदा एखादा दाखला वेळेवर न मिळाल्यामुळे किंवा महाविद्यालयांच्या पर्यायांचा क्रम विचार न करता लावल्यामुळे. या दोन्ही गोष्टी परीक्षेपेक्षा कितीतरी अधिक आपल्या हातात असतात. म्हणूनच अर्जाची तयारी अकरावीच्या प्रवेशापासून सुरू झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रश्न अकरावी-बारावी कोठे करावी हा आहे. आपल्याकडील अनेक पालक दहावीनंतर मुलांना लातूर, नाशिक किंवा पुण्याला पाठवतात. परंतु त्या निर्णयाबरोबर मुलाचे ‘गृह विद्यापीठ’ही बदलते, याची कल्पना फार थोड्यांना असते. बारावी ज्या महाविद्यालयातून उत्तीर्ण झाली, ते ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, ते विद्यार्थ्याचे गृह विद्यापीठ मानले जाते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, नाशिक-पुण्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि लातूरसाठी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. ज्या महाविद्यालयांना हा नियम लागू आहे, तेथे राज्याच्या कोट्यातील ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. काही स्वायत्त संस्थांच्या जागा मात्र राज्यस्तरीय असतात. ज्याला पुण्याच्या महाविद्यालयांत जायचे आहे, त्याला नाशिकची बारावी उपयोगी पडू शकते. ज्याला घराजवळ राहून शिकायचे आहे, त्याने खानदेशाबाहेर बारावी केल्यास आपल्याच भागातील जागांसाठी तो बाहेरचा ठरू शकतो. शिकवणी एका गावी आणि महाविद्यालयात नाव दुसऱ्या गावी, अशी व्यवस्था केली असेल, तर बारावीची परीक्षा ज्या महाविद्यालयातून दिली तेच गृह विद्यापीठासाठी धरले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

सुरतेला कामधंद्यासाठी स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांनी याच टप्प्यावर थांबून विचार करावा. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेला आणि येथील अधिवासी असलेला किंवा येथेच जन्मलेला विद्यार्थी राज्याच्या कोट्यातील जागांसाठी ‘अ’ प्रकारात मोडतो. दहावी गुजरातमधून झाली असेल, तरी स्वतः विद्यार्थी, आई किंवा वडील यांच्यापैकी कोणी महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास अभियांत्रिकीसाठी ‘ब’ प्रकाराचा मार्ग खुला असतो; त्यासाठी संबंधित व्यक्तीचे अधिवास प्रमाणपत्र हाती असावे लागते. गुजरातमध्ये काढलेल्या जातीच्या दाखल्यावर मात्र महाराष्ट्रातील आरक्षण मिळत नाही. तो दाखला आपल्या मूळ गावाच्या प्रांत कार्यालयातूनच काढावा लागतो.

आता सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या कागदाकडे वळतो, तो म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, अर्थात जातीचा दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीने दिलेले प्रमाणपत्र. आरक्षित प्रवर्गातून प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याने अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश मिळताच, महाविद्यालयाचे पत्र घेऊन, वैधतेचा अर्ज दाखल करावा. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्गाचे अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात, तर अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र समित्या आहेत. समितीला कुटुंबाच्या जातीचा आणि वास्तव्याचा जुना पुरावा हवा असतो आणि त्याची तारीख प्रवर्गानुसार ठरलेली आहे : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद आणि महसुली दप्तरातील जुन्या नोंदी हे यातील नेहमीचे पुरावे होत. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर तिची प्रत आणि शपथपत्रावरील वंशावळ जोडल्याने काम पुष्कळ सुकर होते. म्हणून चुलते, चुलतभाऊ, आत्या या सर्वांकडे प्रथम चौकशी करावी.

जुने उतारे शोधताना आपल्या भागाचा प्रशासकीय इतिहास माहीत असणे फार उपयोगी पडते. ब्रिटिशांच्या काळातील एकसंध खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांचीच नावे अनुक्रमे जळगाव आणि धुळे झाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. त्यामुळे शहाद्याच्या आजोबांच्या उताऱ्यावर ‘पश्चिम खानदेश’, वडिलांच्या दाखल्यावर ‘धुळे’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘नंदुरबार’ असे तीन वेगळे जिल्हे दिसणे अगदी स्वाभाविक आहे. हा फरक पाहून गोंधळून जाऊ नये. मात्र अर्जासोबतच्या निवेदनात गाव एकच असल्याचे स्पष्ट लिहावे. काही जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात आणि त्यांचे जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते, ज्यास अर्थातच वेळ लागतो. सादर केलेल्या कागदांवरून समितीचे समाधान झाले नाही, तर प्रकरण दक्षता पथकाकडे चौकशीसाठी जाते आणि मग महिने उलटतात. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्यांना नेमके हेच महिने मिळत नाहीत. वैधता सादर करण्यास शासनाने काही वर्षी मुदतवाढ दिली आहे हे खरे. पण ती मिळेल असे गृहीत धरून मुलाचे वर्ष पणाला लावणे मला मुळीच मान्य नाही.

इतर दाखल्यांची गोष्ट तुलनेने सोपी आहे. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून मिळतो. अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करता येतो. अनुसूचित जाती-जमाती वगळता इतर मागास प्रवर्गांना, तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाला नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, लागते, आणि प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत ते वैध असले पाहिजे. जुन्या प्रमाणपत्राची मुदत आधीच संपत असल्याचे अनेकांच्या लक्षात ऐन पडताळणीच्या दिवशी येते. जो विद्यार्थी आयआयटी किंवा एनआयटीसाठीही प्रयत्न करीत आहे, त्याने केंद्राच्या नमुन्यातील इतर मागासवर्गाचे अथवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र निराळे काढावे, कारण राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालत नाही. दहावीचे गुणपत्रक, आधार आणि जातीचा दाखला या तिन्हींवरील नाव अक्षराअक्षराने पडताळून पाहावे. फरक असेल, तर तो दुरुस्त करण्याची वेळ बारावीच्या दिवाळीपूर्वीची आहे. जूनमध्ये सेतू केंद्रात गर्दी असते आणि संकेतस्थळही मंदावते.

परीक्षेविषयी थोडक्यात सांगतो. एमएचटी-सीईटीच्या भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित गटात १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत, उरलेल्या दोन विषयांना एक. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. बारावीत संबंधित विषयांत खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि राज्यातील राखीव गटांना ४० टक्के गुण लागतात, तेव्हा सीईटीच्या नादात बोर्डाची परीक्षा दुर्लक्षू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरला, असे नव्हे. निकालानंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र शुल्क असते, आणि त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी होते. ही पडताळणी घरबसल्या ऑनलाइन किंवा पडताळणी केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन करता येते. धडगाव, अक्कलकुवा अशा सातपुड्यातील तालुक्यांत, जेथे नेटवर्कचा भरवसा नाही, तेथील विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष केंद्राचा पर्याय घ्यावा आणि त्या वर्षीची केंद्रांची यादी पाहून शेवटच्या तारखेच्या बरेच आधी जाऊन यावे. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर आपला प्रवर्ग, गृह विद्यापीठ आणि ‘अ’ किंवा ‘ब’ प्रकार बरोबर नोंदला गेला आहे का, ते स्वतः तपासावे. हरकतीची मुदत थोड्या दिवसांचीच असते. नोंदणीचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या वहीत न राहता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीत असावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पर्याय अर्ज, म्हणजे हव्या त्या महाविद्यालयांची आणि शाखांची पसंतीक्रमाने भरलेली यादी, हा साऱ्या प्रक्रियेचा गाभा होय. प्रथम मागील वर्षाच्या सर्व फेऱ्यांच्या कटऑफ याद्या, म्हणजे प्रत्येक जागा शेवटी किती गुणांवर मिळाली ते दाखवणाऱ्या याद्या, डाउनलोड कराव्यात आणि त्या वाचायला शिकावे. जागेच्या सांकेतिक नावातील शेवटचे अक्षर ‘एच’ असेल तर ती गृह विद्यापीठाची, ‘ओ’ असेल तर बाहेरच्यांची आणि ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय जागा समजावी. सुरुवातीचे ‘एल’ मुलींसाठीच्या जागा दाखवते. त्यानंतर पर्यायांचे तीन गट करावेत : गेल्या वर्षीच्या कटऑफनुसार आपल्याला थोडे अवघड वाटणारे, आवाक्यातले आणि खात्रीचे. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय ही नावे यादीत असण्यात काहीच गैर नाही. परंतु जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शिरपूरची आर. सी. पटेल संस्था, तसेच रासायनिक अभियांत्रिकीसाठी आपल्या विद्यापीठाच्याच आवारातील रसायन तंत्रज्ञान संस्था यांचाही शाखानिहाय विचार करावा. पुण्यातील खोलीभाडे आणि खाणावळ यांचा चार वर्षांचा खर्च हिशेबात धरल्यास, केवळ शहरात आहे म्हणून एखाद्या महाविद्यालयाला घराजवळच्या चांगल्या महाविद्यालयाच्या वर ठेवण्याचे कारण उरत नाही, असे मला वाटते.

क्रम मात्र केवळ आपल्या खऱ्या पसंतीनेच लावावा. कमी कटऑफची जागा वर ठेवली म्हणून ‘आधी काहीतरी पदरात पडते’ ही समजूत घातक आहे, कारण संगणक वरून खाली पाहत जातो आणि मिळू शकणाऱ्या पहिल्याच पर्यायावर थांबतो. २०२५-२६ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाल्यास ती जागा आपोआप निश्चित होत होती आणि ती न स्वीकारणारा पुढील फेऱ्यांतून बाद होत होता. अशा नियमात पहिल्या सहा जागी असे एकही महाविद्यालय नसावे, जेथे जाण्याची मनापासून तयारी नाही. आपल्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे बदलले आहेत का, ते वाचूनच अर्ज निश्चित करावा. मिळालेल्या जागेपेक्षा वरचा पर्याय हवा असेल, तर जागा-स्वीकृती शुल्क भरून ‘बेटरमेंट’ निवडता येते. मात्र वरची जागा मिळताच आधीची आपोआप रद्द होते.

ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी आहे, त्यांनी शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा विसरू नयेत. या जागा मंजूर क्षमतेच्या ५ टक्के आणि अतिरिक्त असतात, त्यांचा पर्याय-संकेत वेगळा असतो, आणि तो स्वतंत्रपणे यादीत घातला नाही तर त्यांचा विचारच होत नाही. त्यांचे कटऑफ नेहमीच्या जागांपेक्षा बहुधा चढे असतात, म्हणून एकाच शाखेचा टीएफडब्ल्यूएस संकेत आधी आणि साधा संकेत लगेच त्याखाली ठेवावा. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून मोठी सवलत आहे : आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. तेव्हा ‘आत्ता पैसे भरा, जागा पक्की’ असे कोणी सांगू लागल्यास, मुलीच्या पालकांनी कॅपमधून मिळणारी ही सवलत आपण कायमची गमावत आहोत का, ते आधी तपासावे.

प्रवेश निश्चित झाल्यावर महाविद्यालयात मूळ कागदपत्रे जमा करण्यापूर्वी प्रत्येकाच्या साक्षांकित प्रतींचे दोन संच आणि स्कॅन केलेल्या फाइली घरी ठेवाव्यात. त्यानंतर लगेच महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा किंवा शुल्क सवलतीचा अर्ज भरावा. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे, याची बँकेत जाऊन खात्री करून घ्यावी, आणि दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करायचा आहे, ही नोंद उत्पन्नाच्या दाखल्याच्या फाइलीवरच लिहून ठेवावी.