खांद्यावरची खाच आणि ब्राचं माप

आईच्या दोन्ही खांद्यांवर बोटभर रुंदीची खाच आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या आयांना ती असतेच. पुढे मी फिजिओथेरपी शिकले, मान-खांद्याचे पेशंट बघू लागले, तरी आईच्या मानेला शेक आणि व्यायामच देत राहिले. तिच्या उजव्या करंगळीला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा कुठे मी म्हटलं, "आई, तुझी ब्रा दाखव बरं."

ती 38 बी घालत होती. कितीतरी वर्षांपूर्वी एका दुकानात काउंटरमागच्या माणसाने नजरेनेच ठरवलेलं माप. मी टेप लावला: छातीच्या खाली 34 इंच, भरलेल्या भागावर 38. फरक 4 इंचांचा. फरक 1 इंच असेल तर ए कप, 2 ला बी, 3 ला सी, 4 ला डी. म्हणजे तिला हवी होती 34 डी. आता हे नीट बघा: 38 बी, 36 सी आणि 34 डी या तिन्हींच्या कपात जवळपास तेवढंच मावतं. म्हणून तिला कप कधी खटकला नाही. सैल होता तो बेल्ट, म्हणजे छातीखालून पाठीपर्यंत फिरणारा पट्टा, चार इंचांनी.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. स्तनात स्वतःचा असा स्नायू नसतो. आतले तंतू आणि वरची कातडी यांच्यावरच ते तोललेले असतात. ते वजन पेलायचं काम मुख्यतः खालच्या बेल्टचं. खांद्यावरच्या पट्ट्या फक्त कप जागेवर धरायला असतात. बेल्ट सैल असला की तो पाठीवर वर सरकतो, पुढे कप खाली उतरतात, आणि आपण पट्ट्या आवळतो. मग सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर. मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपेझियस स्नायू दिवसभर ताणलेला राहतो, खांदे पुढे येतात, पाठीचा वरचा भाग वाकतो. हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतून कॉलरबोनच्या मागून खाली उतरतात. तिथे सतत दाब पडला तर बोटांपर्यंत मुंग्या येऊ शकतात.

माप घरीच घ्या. पॅड नसलेली पातळ ब्रा घालून आरशासमोर उभं राहा. टेप स्तनांच्या लगेच खाली, पाठीवरही तेवढ्याच उंचीवर आडवा ठेवा, श्वास सोडा आणि आकडा वाचा. टेप अंगाला घट्ट हवा, रुतायला नको. दुसरं माप भरलेल्या भागावरून, टेप सैलसर धरून. स्तन जड असतील तर हे माप कमरेतून थोडं पुढे वाकून घ्या, नाहीतर ते कमी भरतं. काही कंपन्या खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून मग नंबर देतात, म्हणून फक्त नंबरावर जाऊ नका. पाकिटावर बहुतेक वेळा सेंटिमीटरचा तक्ता असतो, आपलं खालचं माप त्याच्याशी पडताळा.

घालून बघितल्याशिवाय मात्र घेऊ नका. ट्रायल देत नसतील तर बदलून देतात का ते आधी विचारा, नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. चप्पलसुद्धा आपण चार पावलं चालून बघतो. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसायला हवी. इलॅस्टिक हळूहळू ढिलं पडतं, तेव्हा आतले हूक उपयोगी पडतात. हूक लावल्यावर पुढे वाका, काखेकडून हाताने सगळं कपात सावरून घ्या, मग पट्ट्या सारख्या करा. आता पट्ट्या खांद्यावरून खाली उतरवा. बेल्ट जागचा हलला नाही तर माप जमलं. बेल्टखाली दोन बोटं जेमतेम जावीत. वायर असेल तर ती फासळ्यांवर टेकलेली हवी, स्तनावर किंवा काखेत टोचता कामा नये. वायर हवीच असं मुळीच नाही.

मग रोजच्या हालचाली करा. माळ्यावरचा डबा काढतो तसे दोन्ही हात वर न्या, केर काढतो तसं वाका, खाली बसा, पोटभर श्वास घ्या. हात वर गेल्यावर बेल्ट वर चढत असेल तर तो सैल आहे. श्वास अडत असेल तर घट्ट आहे, एक नंबर वर जा आणि कप एक अक्षर खाली घ्या.

ब्लाऊज शिवायला टाकताना हीच ब्रा घालून माप द्या. आईचे जुने ब्लाऊज नव्या ब्रावर काखेत आवळायला लागले, दोघींना टेलरकडे जावं लागलं.

ज्यांचा खांदा आखडला आहे, त्यांना हात मागे नेऊन हूक लावणं हीच मोठी शिक्षा असते. अशांनी पुढून हूक असलेली घ्यावी. घालताना दुखरा हात आधी आत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. हूक मागे असेल तर पोटापाशी लावून मग ब्रा फिरवून घ्या. पळणं, बॅडमिंटन, झुंबा यांसाठी स्पोर्ट्‌स ब्राच हवी. स्तन जड असतील तर दोन्ही वेगवेगळे धरणारे कप असलेली घ्या, नुसती दाबून बसवणारी पुरत नाही.

ब्रा पिळू नका, गरम पाण्यात घालू नका. आणि ती साडीखाली लपवून वाळवू नका. दमट राहिलेल्या कापडाने स्तनांखाली खाज आणि पुरळ उठतं. सावलीत, पण मोकळ्या वाऱ्यावर टाका.

हातातली ताकद कमी झाली, मुंग्यांनी रात्री जाग येऊ लागली, छातीत दुखून कळ हातात गेली किंवा स्तनात गाठ लागली, तर ब्रा बदलत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. आईलाही मी आधी ऑर्थोपेडिककडे नेलं, मगच मापाचं बघितलं. नवी ब्रा सुरू केली, मानेचे व्यायामही सोबत चालूच ठेवले. दीड महिन्यात करंगळीच्या मुंग्या थांबल्या. खाचा अजून आहेत, थोड्या उथळ झाल्यात.