पाचोळ्याचं खत, नाशिकच्या हवेत

युरोपात पानं ऑक्टोबरात लाल-पिवळी होऊन गळतात, कारण दिवस लहान होतो आणि थंडी पडते. आपल्याकडे झाडं पाणी वाचवायला पानं टाकतात. म्हणून नाशिकची खरी पानगळ जानेवारी ते मार्च. तिकडे थंडीमुळे पाचोळा कुजायला वर्ष-दोन वर्षं लागतात. इथे ऊब भरपूर, अडतं ते पाण्यावर. ओल टिकवली की चार-सहा महिन्यांत खत तयार.

कडुनिंब, शिरीष, करंज, पिंपळ यांची पानं उत्तम. बदाम, साग आणि पळसाची मोठी पानं पत्रावळ्यांसारखी एकावर एक चिकटतात, मध्ये पाणीही जात नाही नि हवाही. ती कडक उन्हात पोत्यात भरून काठीने बडवून चुरा. निलगिरी नको. द्राक्षवेलीची पानंही नकोत: डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचे बीजाणू गळालेल्या पानांत तग धरतात आणि खताबरोबर पुन्हा बागेत येतात. काळे ठिपके पडलेली गुलाबाची पानंही त्याच कारणाने टाळा.

दहा फूट लांब, तीन फूट उंच जाळी गोल वळवून तारेने बांधा. साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. जागा सावलीची, खाली माती. तळाला चार बोटं काटक्या टाका. पानं आदल्या रात्री ड्रममध्ये भिजवा, कारण सुकी पानं वरून पाणी मारून भिजत नाहीत, पाणी घरंगळून जातं. मग वीतभर पानं, त्यावर शेणकाला (दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण) तीन-चार लिटर आणि मूठभर जुनी माती, असे थर पिंजरा भरेपर्यंत. शेण कशाला? वाळल्या पानांत नत्र फार कमी असतं. ते मिळालं नाही तर जिवाणू काम रेंगाळत करतात. शेण नसेल तर हिरवं गवत चालेल. वरून ओलं बारदान.

पंधरा दिवसांनी पालटा, बाहेरचं आत घाला. मूठ दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यातून दोनदा तरी तपासा. मुंग्या दिसल्या म्हणजे ढीग कोरडा पडलाय. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर पाणी जास्त झालं, सुकी पानं मिसळून उलटा. पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, ती उपयोगी बुरशी.

पावसाळ्यात फक्त वर ताडपत्री घाला, बाजू उघड्या ठेवा. नाहीतर पावसात अन्नद्रव्यं वाहून जातात. पहिल्या पावसानंतर ढिगात हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या) अळ्या सापडू शकतात, पालटताना वेचून काढा.

काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत वाळूच्या चाळणीने चाळा. ढीग बसून जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. कुंडीत दोन भाग मातीला एक भाग खत पुरतं; काळ्या मातीत तर याने चिकटपणाही कमी होतो. चाळणीवर उरलेला चोथा पुढच्या ढिगाचं विरजण.