स्केल मॉडेल कार बनवताना या चुका टाळा

मॉडेल कारच्या बॉनेटवर रंगाला सुरकुत्या पडल्या, डेकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चित्राखाली) चंदेरी डाग उमटले किंवा काच धुरकट झाली, की बहुतेक जण तिथल्या तिथे उपाय करू लागतात. रंगावर आणखी एक हात मारला जातो, डाग घासला जातो आणि थोड्याच वेळात काम पहिल्यापेक्षा अधिक बिघडते. या छंदातले बहुतेक दोष दिसतात वरच्या थरावर, पण घडलेले असतात खालच्या थरात किंवा त्याच्याही आधीच्या पायरीवर. म्हणून दुरुस्ती करताना हातातला ब्रश खाली ठेवून, आधी काय केले होते याचा उलट्या क्रमाने विचार करावा.

सुरुवातीला थोडे गणित लक्षात घ्यावे. १:२४ या प्रमाणात ४.२ मीटर लांबीची गाडी १७.५ सेंटिमीटरची होते, आणि दार व मडगार्ड यांच्यामधली ४ मिलिमीटरची फट जेमतेम ०.१७ मिलिमीटर उरते. रंगाचा थर मात्र प्रमाणानुसार पातळ होत नाही. प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर), रंग आणि क्लिअर कोट (सर्वांत वरचा पारदर्शक थर) मिळून ०.१ मिलिमीटर जाडी झाली, तरी खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर रंग थापल्यासारखे ते दिसते. दारांच्या रेषा बुजतात, कडा गोलसर होतात आणि महागडा संच (जोडून बनवायचे किट) खेळण्यासारखा दिसू लागतो. कोल्हापुरात दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा तिच्याकडे या नजरेने पाहावे: फटी किती बारीक आहेत, प्रतिबिंब कडेपाशी किती स्पष्ट तुटते. रेषा उथळ वाटत असतील, तर त्या प्रायमर मारण्याआधीच कटरच्या पात्याच्या मागच्या टोकाने हलक्या हाताने खोल करून घ्याव्यात. रंग झाल्यावर हे काम सुबकपणे होत नाही.

न धुतलेले भाग

संचातले भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश प्लॅस्टिकवर राहू शकतो, आणि हाताळताना बोटांचे तेल त्यात भर घालते. रंग काही ठिकाणी धरत नाही, बारीक खळगे पडतात किंवा मास्किंग टेपबरोबर पापुद्रे निघतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात भाग मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवावेत. उकळते पाणी वापरू नये, कारण उष्णतेने या भागांचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, मऊ पडते आणि छपराचे पातळ खांब वाकतात.

गाड्यांच्या रंगाचे थिनर

कोल्हापुरात या छंदाचे खास सामान सहज मिळत नाही, पण गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे सामान मुबलक मिळते. त्यामुळे शिवाजी उद्यमनगर किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजूने एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर आणून तेच वापरण्याचा मोह होतो. पत्र्यासाठी ते योग्य असले, तरी पॉलिस्टायरीनला ते विरघळवते. उघड्या प्लॅस्टिकवर असे थिनर मिसळलेला रंग ओलसर मारला, की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि तासाभराने केसासारख्या बारीक भेगा उमटतात. नेल पॉलिश रिमूव्हरमधले अॅसिटोनही तसेच वागते. गॅरेजमधला उरलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरात फवारणे तर माझ्या मते पूर्णपणे टाळावे, कारण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असते आणि त्यापुढे कापडी मास्क निरुपयोगी ठरतो.

रंगांच्या क्रमाचा नियम एकच आहे: जहाल द्रावकाचा रंग खाली आणि सौम्य द्रावकाचा वर. पूर्ण सुकलेल्या लॅकरवर एनॅमल किंवा अॅक्रिलिक चालते, पण एनॅमलवर लॅकर मारले की खालचा थर फुगून सुरकुततो. अशा सुरकुत्या घासून जात नाहीत. वर नवा थर देऊनही त्या झाकत नाहीत, म्हणून रंग काढूनच टाकावा लागतो. अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून टूथब्रशने निघतो आणि पॉलिस्टायरीनला त्याने अपाय होत नाही. नव्या रंगजोडीची चाचणी नेहमी प्लॅस्टिकच्या चमच्यावर घ्यावी. अशी चाचणी एका संध्याकाळचे काम आहे, आणि फसलेली बॉडी परत मिळवायची तर अनेकदा नवा संच मागवावा लागतो.

मूळ प्लॅस्टिक लाल असताना गाडी पांढरी किंवा पिवळी करायची असेल, तर आणखी एक सापळा असतो. रंगातले द्रावक प्लॅस्टिकमधला लाल रंग ओढून वर आणते आणि काही दिवसांत पांढऱ्यावर गुलाबी झाक येते. पांढऱ्याचे आणखी थर देऊन ती जात नाही. रंगाच्या आधी चंदेरी रंगाचा एक सलग थर आड घालणे, हा यावरचा खात्रीचा मार्ग आहे.

पावसाळ्यातली फवारणी

जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः पंचगंगा पात्राबाहेर पडते त्या आठवड्यांत, हवेतली ओल हा मॉडेल करणाऱ्याचा मोठा शत्रू असतो. लॅकरमधले द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ साचते आणि ती रंगात अडकून काळ्या गाडीवर दुधाळ छटा येते. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल, तर क्लिअर कोट मारूच नये. घरात लहानसा आर्द्रतामापक ठेवला, तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. छटा आलीच तर घाईने घासू नये. कोरड्या दिवशी रिटार्डर (सुकणे मंदावणारे द्रव) मिसळलेल्या त्याच जातीच्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला, की थर क्षणभर सैल होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि चमक बरीचशी परत येते.

एप्रिल-मे महिन्यांत नेमकी उलट अडचण येते. कडक उन्हात गच्चीवर फवारल्यास थेंब बॉडीवर पोहोचण्याआधीच अर्धवट सुकतात आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा लागतो. सकाळच्या सावलीत १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून फवारावे आणि अंतर मध्येच वाढवू नये. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असेल, तर रंग बहुधा फार घट्ट होता किंवा अंतर जास्त होते. थंडीत स्प्रे कॅन कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवल्याने दाब सुधारतो, मात्र तो गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही तापवू नये.

हाताची सवय लावायची असेल, तर गणेशोत्सवाआधी बापट कॅम्प किंवा गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत रंगकाम पाहत थोडा वेळ उभे राहावे. सरावलेला हात फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करतो, एकसारख्या वेगाने मूर्तीवरून नेतो आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बंद करतो. मॉडेलवर ओघळ येतात ते मुख्यतः फवारा गाडीवरच सुरू केल्याने किंवा कोपऱ्यावर हात थांबल्याने. ओघळ ओला असताना त्याला बोट लावू नये. पूर्ण सुकल्यावर १५०० आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, तो सपाट करावा. त्या वेळी कडांवर मास्किंग टेप लावून ठेवावी, कारण रंग सर्वांत आधी कडेवरून निघतो.

काच, डेकल आणि चिकटवणे

फेविक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाची वाफ काचेवर बसून पांढरी होते. त्यामुळे विंडस्क्रीन आणि हेडलाइटसाठी पांढरा पीव्हीए डिंक वापरावा, तो सुकल्यावर पारदर्शक होतो. प्लॅस्टिकचे भाग जोडण्यासाठी पातळ मॉडेल सिमेंट उत्तम, कारण ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते. मात्र त्यामुळेच ते रंगावर किंवा क्रोम मुलाम्यावर लावले तर जोड टिकत नाही. जोडाच्या जागेवरचा मुलामा आधी खरवडून काढावा.

डेकलखालची चंदेरी चमक म्हणजे अडकलेली हवा. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर डेकल लावल्याने ती राहते, म्हणून आधी ग्लॉस क्लिअर देऊन त्यावर डेकल बसवावे आणि मॅट लूक हवा असल्यास शेवटी मॅट क्लिअर द्यावे. चमक आधीच दिसत असेल, तर सुईने अगदी बारीक छिद्रे पाडून त्यावर डेकल मऊ करणारे द्रव लावावे. द्रव लावल्यावर डेकल काही मिनिटे आक्रसल्यासारखे दिसते. त्या वेळी त्याला हात लावू नये, सुकताना ते आपोआप बसते.

छोट्या धातूच्या गाड्यांचे कस्टमायझेशन

बरेच जण सुरुवात १:६४ च्या आसपासच्या, जस्ताच्या मिश्रधातूच्या गाड्यांपासून करतात आणि शिकण्यासाठी हा मार्ग चांगला आहे. इथली नेहमीची चूक म्हणजे तळाचा रिव्हेट (बॉडी आणि बेस जोडून ठेवणारे, ठोकून पसरवलेले टोक) एकदम मोठ्या ड्रिल बिटने फोडणे. बिट घसरतो, बेस फाटतो किंवा आतला खांबच उडतो. आधी मध्यभागी टोच्याने खूण करावी, बारीक बिटने मार्ग काढावा आणि नंतर केवळ डोक्याएवढाच भाग उडवावा. खांब शाबूत राहिला, तर त्यात आटे पाडून लहान स्क्रू बसवता येतो आणि गाडी पुन्हा हवी तेव्हा उघडता येते. पेंट रिमूव्हरमध्ये बॉडी टाकण्यापूर्वी काच, सीट आणि बंपर यांसारखे प्लॅस्टिकचे भाग वेगळे केल्याची खात्री करावी, आणि हातमोजे व मोकळी हवा यांबाबत तडजोड करू नये. उघड्या धातूवर प्रायमर न देता रंग मारला, तर तो नखानेही निघतो.

चाके बदलायची असतील किंवा गाडी खाली बसवायची असेल, तर सर्व जुळवणी रंगाआधी कोरडी करून पाहावी. टायर मडगार्डला घासतो हे रंगानंतर कळले, तर आतून फाइल मारताना बाहेरच्या रंगाचे टवके उडतात.

जुन्या धातूच्या गाडीला स्वतःहून भेगा पडत असतील, भाग फुगून ठिसूळ होत असतील, तर तो दोष रंगाचा नाही. मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी असली की असे होते आणि त्यावर पुट्टी भरून उपयोग नसतो.

पूर्ण झालेल्या गाडीच्या बाबतीतही एक दक्षता घ्यावी लागते. मऊ व्हिनाइल टायरमधले द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू झिरपते आणि संपर्कातल्या पॉलिस्टायरीनच्या रिमला वितळवते. जुना संच उघडल्यावर काचेवर टायरचा ठसा उमटलेला सापडतो, त्याचेही कारण तेच. टायर बसवण्यापूर्वी रिमच्या कडेला पातळ धातूची फॉइल चढवावी, आणि न बनवलेल्या संचातले टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत.