एल्मिनाला निघण्याआधी

सगळ्यात आधी लस. एल्मिना हे पश्चिम आफ्रिकेतल्या घानाच्या किनाऱ्यावरचं गाव, आणि घानात शिरताना पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला लागतो आणि परतताना आपल्याकडच्या विमानतळावरही तोच मागतात. नसला तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, तेव्हा तिकिटाच्या तारखेवरून उलटा हिशेब करा. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या.

मग नकाशा. एल्मिना राजधानी अक्रापासून पश्चिमेला साधारण १५० किलोमीटरवर, केप कोस्ट शहराच्या थोडं पुढे. फोनवर नकाशा उतरवून ठेवा आणि चांगला मोठा करून बघा: एका अंगाला गिनीचं आखात, दुसऱ्या अंगाला बेन्या खाजण, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. तिच्यावर पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये किल्ला बांधला. पाण्यापलीकडे सेंट यागोची टेकडी. १६३७ मध्ये डचांनी तोफा चढवल्या त्या हिच्यावर, आणि किल्ला पडला. पुढे डचांनी टेकडीवरही एक छोटा किल्ला बांधला. आपलीच युक्ती आपल्यावर उलटायला नको! म्हणून माझा आग्रह, आधी टेकडी चढा, किल्ला नंतर. वरून पूल, त्याच्याजवळ दाटीवाटीनं लागलेल्या रंगीत होड्या आणि खाजणाच्या आतल्या अंगाची मिठागरं एका नजरेत येतात. किल्ल्याच्या पश्चिमेची मोकळी जागाही बघून ठेवा. तिथे जुनं गाव होतं. १८७३ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून ते उद्ध्वस्त केलं.

किल्ल्यातल्या गुलामांच्या कोठड्या अंधाऱ्या, कोंदट आहेत. पाण्याची बाटली हवीच, आणि पोरांना नेणार असाल तर तिथे काय घडलं ते आधी घरीच सांगा.

वार बघून निघा. मंगळवारी इथले फांटी समाजाचे कोळी समुद्रात होड्या घालत नाहीत, त्यामुळे मासळीबाजार थंड असतो. अपवाद जुलैच्या पहिल्या मंगळवारचा: तेव्हा बाकातुए असतो, खाजणातली मासेमारी पुन्हा खुली करण्याचा उत्सव. मे-जूनमध्ये पाऊस जास्त. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमटान वारा धूळ आणतो, दम्याचं औषध जवळ हवं. कोकणातल्यासारखा समोर समुद्रात बुडणारा सूर्य इथे शोधू नका, किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे.

सेडीच्या, म्हणजे घानाच्या चलनाच्या, सुट्ट्या नोटा खिशात ठेवा, ट्रोट्रोत (तिथल्या शेअर मिनीबसमध्ये) मोठी नोट कुणी घेता घेत नाही.