ड्रॉप सी लावताय? आधी तारा बदला

मेटल संगीतासाठी गिटार ड्रॉप सीमध्ये उतरवली, म्हणजे सगळ्या तारा खाली आणून सगळ्यात जाड तार सी सुरावर लावली, की नवी, बऱ्या किमतीची गिटारही बेसूर वाटू लागते. पहिला संशय पिकअपवर, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या भागावर, जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. दोष तारांचा. १०–४६ चा संच (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) स्टँडर्ड ट्यूनिंगला ठीक, पण २५.५ इंच स्केलच्या, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीच्या, गिटारवर सगळ्यात जाड तार ई वरून सी पर्यंत उतरवली की ती लोंबकळते. जोरात पिक मारला की सूर क्षणभर वर चढतो आणि मग खाली येतो. ट्यूनर बरोबर दाखवतो, रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा सुरांचा तुकडा) मात्र खोटी वाजते.

११–५४ किंवा १२–५६ चा संच लावा. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकत असेल तर ट्यून करताना ‘टिक’ असा आवाज येतो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा, नाहीच जमलं तर खाच कारागिराकडून रुंद करून घ्या.

मग इंटोनेशन, म्हणजे मानेवर कुठेही दाबलं तरी सूर बरोबर लागतो का ते. बाराव्या फ्रेटवरचा (मानेवरच्या धातूच्या पट्टीवरचा) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (गिटारच्या अंगावर तार टेकते तो तुकडा) मागे, म्हणजे नटपासून दूर सरकवा. उतरा असेल तर पुढे. दर वेळी पुन्हा ट्यून करून मगच तपासा.

फ्लोटिंग ब्रिज (तारा बांधलेला, स्प्रिंगवर तोललेला हलता भाग) असेल तर हे सगळं करायला अख्खी संध्याकाळ हाताशी ठेवा. एक तार ओढली की बाकीच्या पाच उतरतात.