मीटर उत्तर देत नसेल तर : यूएसबी कन्व्हर्टरने आरएस-४८५ लाइन कशी तपासावी

आपला मायक्रोकंट्रोलर बोर्ड एनर्जी मीटरला आरएस-४८५ या दोन तारांच्या लाइनवरून, मॉडबस आरटीयू या संदेशपद्धतीने रीडिंग मागतो आणि मीटर ढिम्म राहतो, अशा वेळी बहुतेक जण थेट प्रोग्राममध्ये फेरफार करू लागतात. त्याआधी तारेवर प्रत्यक्षात कोणते बाइट जात आहेत हे पाहावे. त्यासाठी यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर पुरेसा असतो. तो शक्यतो आयसोलेशन (दोन्ही बाजूंमध्ये विद्युत विलगता) असलेला घ्यावा, कारण पॅनेल आणि चार्जरवर चालणारा लॅपटॉप यांच्या ग्राउंडमध्ये फरक असला तर कन्व्हर्टरच काय, लॅपटॉपचा पोर्टही जळू शकतो.

जोडणी पॅनेलचा पुरवठा बंद करूनच करावी. त्याच वेळी मल्टिमीटरने लाइनच्या ए आणि बी या दोन तारांमधील रोध मोजावा : दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन (लाइनच्या टोकाला लावलेला रोधक) असेल तर तो सुमारे ६० ओहम येतो, आणि १२० च्या आसपास आला तर एका टोकाचा रोधक बहुधा राहून गेला आहे. टेबलावरच्या हातभर तारेला मात्र याची फिकीर करण्याचे कारण नाही. ए आणि बी या खुणांबाबत उत्पादकांमध्ये एकवाक्यता नाही. उत्तर येत नसेल तर दोन्ही तारा अदलाबदल करून पाहाव्यात, त्याने काही बिघडत नाही.

आता बोर्ड बाजूला काढून फक्त मीटर आणि लॅपटॉप जोडावा. हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) बाइट दाखवणारा आणि पाठवणारा टर्मिनल प्रोग्राम उघडून बॉड रेट (वेग), पॅरिटी आणि स्टॉप बिट मीटरच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवावेत. मीटरचा पत्ता १ असेल आणि त्याचे रजिस्टर (रीडिंग साठवणारे कप्पे) ०३ या फंक्शनने, म्हणजे वाचनाच्या आदेशाने, वाचता येत असतील, तर ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी हे आठ बाइट एकदम पाठवावेत. यात पहिली दोन रजिस्टर मागितली आहेत आणि शेवटचे दोन बाइट सीआरसीचे, म्हणजे संदेशातील चूक ओळखणाऱ्या तपासणी-संख्येचे, आहेत. ०१ ०३ ०४ ने सुरू होणारे नऊ बाइट परत आले, तर मीटर आणि सेटिंग दोन्ही ठीक आहेत. ०१ ८३ ०२ असे उत्तर आले तरी निराश होऊ नये : संवाद जुळला आहे, फक्त रजिस्टरचा पत्ता चुकला आहे. मॅन्युअलमधील ४०००१ हा तारेवर बहुधा शून्य असतो.

यानंतर बोर्ड पुन्हा जोडावा आणि कन्व्हर्टर त्याच दोन तारांना समांतर ठेवून लॅपटॉपवरून काहीही न पाठवता नुसते ऐकावे. खरा उलगडा बहुधा इथेच होतो. बोर्डाकडून सात बाइट बरोबर आणि आठवा गायब किंवा विचित्र दिसला, तर आरएस-४८५ चिपची, पाठवणे चालू-बंद करणारी डीई पिन वेळेआधी खाली येत आहे. ९६०० बॉडला एक बाइट जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, आणि ‘डेटा रजिस्टर रिकामे’ हा फ्लॅग उभा राहतो तेव्हा शेवटचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडत असतो. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये म्हणूनच टीएक्सई (हाच ‘रिकामे’ फ्लॅग) नव्हे, टीसी (पाठवणे पूर्ण) फ्लॅगची वाट पाहून डीई खाली करावी लागते. याउलट डीई फार वेळ वर राहिली तर मीटरच्या उत्तराचे सुरुवातीचे बाइट बिघडतात. दोष शोधण्यासाठी मध्येच घातलेली प्रिंटची ओळसुद्धा एवढा उशीर करू शकते.

प्रश्न आणि उत्तर दोन्ही तारेवर स्वच्छ दिसत असूनही बोर्डाला काही मिळत नसेल, तर रिसीव्ह पिन, टाइमआउट आणि सीआरसीमधील बाइटचा क्रम तपासावा. मात्र लॅपटॉपवर दिसणाऱ्या वेळेच्या नोंदींवरून दोन फ्रेममधील (संदेशांमधील) अंतर ठरवू नये. अनेक कन्व्हर्टरमध्ये असणाऱ्या एफटीडीआय चिपच्या ड्रायव्हरमध्ये लेटन्सी टायमर (आलेले बाइट पुढे देण्याआधी थांबण्याची मुदत) मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो, तर ९६०० बॉडला मॉडबसचे साडेतीन अक्षरांचे अंतर जेमतेम ४ मिलिसेकंदांचे. ते मोजायचे असेल तर सिग्नलची अचूक वेळ नोंदवणारा लॉजिक अ‍ॅनालायझरच लावावा.